सालोमालोचे टक्के

तुकोबांच्या गाथेत सालोमालोवरचे अभंग आहेत. तुकोबांचा अभंग उचलायचा, शेवटच्या चरणातली नाममुद्रा काढायची, तिथे आपले नाव बसवायचे आणि लोकांपुढे तो आपला म्हणून गायचा, हा या माणसाचा उद्योग. प्रभातने 1936 साली ‘संत तुकाराम’ काढला तेव्हा दामले आणि फत्तेलाल यांनी खलनायक म्हणून त्यालाच उभे केले. प्रेक्षकांना कुणी वाङ्मयचौर्याची व्याख्या सांगितली नव्हती आणि सांगायची गरजही पडली नाही. शेतकऱ्याला, गिरणी कामगाराला, नातवंडांना घेऊन आलेल्या आजीला पडद्यावर पाहताक्षणी कळले की हा माणूस चोर आहे.

तुकोबांची तक्रार नीट वाचा. तिच्यात दोन आरोप आहेत. दुसऱ्याचे आहे ते आपले म्हणून सांगतात, हा पहिला. संतांची वचने मोडूनतोडून त्यांवर स्वतः मिरवतात, हा दुसरा. साडेतीनशे वर्षांपूर्वी देहूच्या एका वाण्याने जे दोन गुन्हे वेगळे करून दाखवले, त्यांतला दुसरा आपल्या विद्यापीठांना अजून धड दिसत नाही आणि पहिला ती टक्क्यांत मोजतात.

टक्क्यांपासूनच सुरुवात करू. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै 2018 मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियम काढले. त्यांत चार पायऱ्या आहेत. प्रबंधातले साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. 10 ते 40 टक्के असेल तर जास्तीत जास्त 6 महिन्यांत सुधारून द्या. 40 ते 60 टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येणार नाही. 60 च्या वर गेलात तर नोंदणी रद्द. शिक्षकांच्या लेखनालाही अशाच पायऱ्या आहेत. लेखन मागे घ्यायचे, आणि मोठ्या गुन्ह्याला एक किंवा दोन वार्षिक वेतनवाढी बंद, शिवाय दोन किंवा तीन वर्षे नवा संशोधक विद्यार्थी घ्यायचा नाही.

नियम येणे गरजेचे होते. त्याआधी बहुतेक ठिकाणी काहीच नव्हते. पण या नियमाने एक नवा प्रश्न जन्माला घातला आणि आज संशोधन केंद्राच्या बाहेर तोच ऐकू येतो: सिमिलॅरिटी किती आली? ‘कुठून घेतलेस’ असे कुणी विचारत नाही. आकडा विचारतात. 9 आला की गाईड सही करतात, 12 आला की मुलगा रडकुंडीला येतो. 9 आलेल्या प्रबंधातला निष्कर्ष आख्खा दुसऱ्याचा असू शकतो. 12 आलेल्या मुलीने कदाचित न्यायालयाचे निकाल प्रामाणिकपणे उद्धृत केले असतील आणि यंत्राची सेटिंग चुकली असेल. दोघांत दोषी कोण हे ठरवायला प्रबंध वाचावा लागतो. सही करणाऱ्यांपैकी किती जण तो वाचतात, हे त्यांनी स्वतःलाच विचारावे.

हिशोबही करून पाहा. अडीचशे पानांच्या प्रबंधाचे 10 टक्के म्हणजे 25 पाने. अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांची कलमे, प्रमाणित समीकरणे हे सगळे नियमानेच आधी वगळलेले असते. ते वगळून उरलेली 25 पाने, म्हणजे एक आख्खे प्रकरण. ते दुसऱ्याच्या पुस्तकातून आले तरी त्याचे नाव ‘किरकोळ साम्य’. सलग 14 शब्दांपर्यंतच्या योगायोगाच्या साम्यालाही सूट आहे. ती ठेवण्यामागे शहाणपण होते, कारण भाषेत काही वाक्यप्रयोग सगळ्यांचे असतात. पण या सवलतीचा अर्थ ‘दर चौदाव्या शब्दाला एक शब्द बदला’ असा लावणारे महाभाग आहेत आणि पैसे घेऊन हे बदलून देणारी दुकानेही आहेत. ‘टक्के कमी करून मिळतील’ अशी जाहिरात उघडपणे होते. चोरीचा माल रंग बदलून देणाऱ्याला भंगारबाजारात पोलीस पकडतात. इथे तो पीएच.डी.च्या उमेदवाराला बिल देतो.

मराठीतल्या प्रबंधांची तर वेगळीच कथा आहे आणि ती फार कमी बोलली जाते. साम्य शोधणारे सॉफ्टवेअर आपल्याकडच्या मजकुराशी तुमचा मजकूर ताडून पाहते. त्याच्याकडे जे नाही ते त्याला सापडत नाही. मराठीतली हजारो जुनी पुस्तके, नियतकालिकांचे अंक, दिवाळी अंक, गौरवग्रंथ अजून फक्त कागदावर आहेत. त्यांतून पानेच्या पाने उतरवली तरी यंत्र शांत राहते. शिवाय बरीच वर्षे आपला मजकूर श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप होत होता. त्यांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत संगणकासाठी कुठले तरी रोमन अक्षर साठवलेले असते. युनिकोडमधल्या मजकुराशी ते जुळतच नाही. म्हणजे मराठी प्रबंधाचा आकडा 2 किंवा 3 टक्के आला तर आनंद मानण्याआधी विचारायला हवे की यंत्राने नेमके काय वाचले.

आणि भाषांतर? इंग्रजी पुस्तकातले प्रकरण घ्या, मराठीत उतरवा, मूळ लेखकाचे नाव गाळा. साधी शब्दजुळणी करणाऱ्या यंत्राला यातला एकही शब्द ओळखीचा वाटत नाही. आपल्या समीक्षेत, समाजशास्त्रात, मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा प्रकार जुना आहे. वाक्ये मराठी असली म्हणून विचार मराठी होत नाही. ज्याने तो केला त्याचे नाव तिथे नसेल तर लिहिणाऱ्याने घरफोडी केली आहे, एवढेच. शब्द बदलले म्हणून संदर्भ द्यायची गरज संपते, हा समज विद्यार्थ्यांत इतका खोल गेला आहे की अनेकांना यात काही चुकते असे वाटतही नाही. स्वतःच्या शब्दांत सांगितलेल्या दुसऱ्याच्या विचारालाही नाव लागते. अवतरणचिन्ह शब्दांसाठी असते. श्रेय विचाराला, पुराव्याला, आकडेवारीला, वर्गीकरणाला, मांडणीलाही द्यावे लागते.

याच्याही पुढची एक चोरी आहे, तिला तर कुणी चोरी म्हणतच नाही. तळटिपांची चोरी. जुन्या प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची जशीच्या तशी उचलायची. त्यातली 200 पुस्तके आपण पाहिलीही नाहीत, पण ती ‘वाचली’ असे आपल्या सहीने जाहीर करायचे. मूळ सूचीत पान क्रमांक चुकला असेल तर तीच चूक पुढच्या चार प्रबंधांत नांदते. वि. का. राजवाड्यांचा खंड तुम्ही उघडला नसेल आणि त्यातले पत्र तुम्हाला दुसऱ्याच्या पुस्तकात भेटले असेल, तर त्या दुसऱ्याचे नाव द्या. ‘राजवाडे, अमुक यांच्या पुस्तकात उद्धृत’ असे लिहिल्याने तुम्ही लहान होत नाही. राजवाडे गावोगाव हिंडले, दप्तरे धुंडाळली, 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने छापली. त्यांचे सारे भांडण एकाच गोष्टीसाठी होते: अस्सल कागद दाखवा. त्या माणसाचा खंड न उघडता त्याची तळटीप मिरवणे हा त्याचा अपमान आहे.

मोठ्या माणसांकडे येऊ. नावे मोठी असली की आपण आवाज खाली घेतो; मला तो घ्यायचा नाही, पण आदरही सोडायचा नाही. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने 2006 च्या अखेरीस पेटंट कायद्याविषयीचा अहवाल केंद्र सरकारला दिला. औषधांची पेटंटे फक्त नव्या रासायनिक रेणूंपुरती मर्यादित ठेवणे जागतिक व्यापार करारात बसते का, असा प्रश्न होता. देशातल्या गरीब रुग्णाच्या औषधाच्या किमतीशी थेट जोडलेला. नंतर लक्षात आले की अहवालातला कळीचा भाग शामनाद बशीर या कायदेतज्ज्ञाच्या अभ्यासातून जवळजवळ शब्दशः आला आहे आणि बशीर यांचे नाव तिथे नाही. तांत्रिक त्रुटी राहिल्याचे सांगून फेब्रुवारी 2007 मध्ये अहवाल मागे घेतला गेला. सुधारित अहवाल 2009 मध्ये आला.

इथे संदर्भ न दिल्याने नुकसान कुणाचे झाले ते बघा. बशीर यांचे श्रेय गेले हे तर आहेच. पण त्यांचा तो अभ्यास औषध कंपन्यांच्या एका संघटनेच्या अर्थसाह्यातून झाला होता. त्या पैशाने निष्कर्ष वाकला असे मी म्हणत नाही. पण खासदाराला, मंत्र्याला, वर्तमानपत्राच्या वाचकाला हे ठाऊक असण्याचा हक्क होता. नाव आणि संदर्भ दिला असता तर कुणीही तो अभ्यास काढून पाहिला असता, पैसा कुठून आला ते वाचले असते आणि मग स्वतःचे मत केले असते. नाव गाळले आणि हा दरवाजाच बंद झाला. ज्या मताच्या मागे कोण उभे आहे ते दिसत नव्हते, ते सरकारी समितीचे तटस्थ मत म्हणून पुढे आले. वाङ्मयचौर्याने लेखकाचे नुकसान होते असे आपण नेहमी ऐकतो. त्याहून मोठे नुकसान वाचकाचे होते, कारण खातरजमा करायची त्याची वाटच काढून घेतलेली असते.

दुसरे प्रकरण नैनितालच्या कुमाऊं विद्यापीठाचे. 2002 साली तिथल्या कुलगुरूंच्या नावावर प्रसिद्ध झालेला भौतिकशास्त्राचा निबंध स्टॅनफर्डच्या रेनाटा कालोश यांच्या जुन्या निबंधाशी जुळतो हे उघड झाले. परदेशातल्या नामवंत शास्त्रज्ञांनी थेट राष्ट्रपतींना पत्र लिहिले. ज्या प्राध्यापिकेने विद्यापीठात आवाज उठवला, तिलाच आधी त्रास सोसावा लागला. चौकशी झाली आणि अखेर कुलगुरूंना पद सोडावे लागले. निबंधावर एका विद्यार्थ्याचेही नाव होते, आणि अशा प्रकरणांत बोट नेहमी विद्यार्थ्याकडे वळते. माझे म्हणणे साधे आहे. निबंध गाजला असता तर हार कुणाच्या गळ्यात पडला असता? त्याच गळ्याने जाब द्यावा.

जर्मनीत संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांनी मार्च 2011 मध्ये राजीनामा दिला, कारण त्यांचा बायरॉइट विद्यापीठातला प्रबंध उचलेगिरीचा निघाला. पहिली शंका एका कायद्याच्या प्राध्यापकाला प्रबंध वाचताना आली. मग अनोळखी वाचक एकत्र आले, पान आणि पान ताडून पाहिले, जगासमोर मांडले. दोन वर्षांनी जर्मनीच्याच शिक्षणमंत्री आनेट शावान याही अशाच कारणाने गेल्या. आपल्याकडे ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरचे प्रबंध कुणालाही उघडून वाचता येतात. सगळे साहित्य समोर आहे. वाचणारे हवेत. तुमच्या तालुक्यातल्या महाविद्यालयाचे प्राचार्य ‘डॉक्टर’ असतील तर त्यांचा प्रबंध वाचा. चांगला असेल तर तसे त्यांना आवर्जून सांगा, तेही फार वर्षांत कुणी केलेले नसेल.

‘पण कॉपीराइट संपला आहे ना?’ असे विचारणारे भेटतात. हे दोन मुद्दे एकमेकांत मिसळू नका. आपल्या 1957 च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून आज कुणीही प्रकाशक ‘श्यामची आई’ परवानगी न मागता छापू शकतो. मुखपृष्ठावर साने गुरुजींऐवजी स्वतःचे नाव घालू शकतो का? कायदा काय म्हणेल ते नंतर, तुमच्या आईलाच विचारून बघा. आणि कायदाही मुका नाही. त्याचे कलम 57 सांगते की लेखकाने हक्क विकून टाकले तरी ‘हे मी लिहिले’ असे म्हणण्याचा त्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. पैसा देऊन पुस्तक विकत मिळते, हक्क विकत मिळतात, कर्तेपण विकत मिळत नाही. भाड्याने प्रबंध लिहून घेणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

उलट्या दिशेची लबाडीही तितकीच वाईट आहे. व्हॉट्सअॅपवर पु. ल., व. पु., कुसुमाग्रज यांच्या नावाने रोज फिरणारा मजकूर पाहा. त्यातला बराचसा त्यांनी लिहिलेला नाही. पाठवणाऱ्याला वाटते, मोठ्या माणसाचे नाव लावले, त्यात गैर काय? गैर हे की तुम्ही त्यांच्या तोंडी नसलेले शब्द घातले, आणि ज्या कुणा अनोळखी माणसाने ते खरेच लिहिले त्याचे नाव पुसले. एका फॉरवर्डमध्ये दोन माणसांना फसवले. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, कारण तीनशे वर्षांत तिच्यात भलतेच पाठ शिरले होते. काम झाल्यावर त्यांनी बजावून ठेवले की यापुढे कुणी आपली ओवी तिच्यात घालू नये. नाथ स्वतः थोर कवी होते. ज्ञानेश्वरीत दोन ओव्या सरकवल्या असत्या तर कुणाला कळले असते? त्यांनी उलट कुंपण घातले. आणि ज्यांच्या ग्रंथाला ते घातले, त्या ज्ञानेश्वरांनी तरी काय केले होते? अठराव्या अध्यायात त्यांनी आपण व्यासांच्या मागावर चाललो आहोत आणि भाष्यकारांना विचारत आलो आहोत, हे मोकळेपणाने नोंदवले. नऊ हजार ओव्यांचा स्वतंत्र प्रतिभेचा ग्रंथ लिहून झाल्यावर. संदर्भ देण्याची पद्धत पाश्चात्त्य आहे, आपल्याकडे नव्हती, असे भाषणात सांगणाऱ्यांनी आधी एवढे वाचावे. वारकरी कीर्तनकार आजही प्रमाण देताना माउलींचे म्हणून देतो, नाथांचे म्हणून देतो, आणि नाममुद्रेसकट गातो.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 ते 1966 अशी जवळजवळ अर्धशतक खपून सिद्ध केली. हजाराहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली. तिचे कुठलेही पान उघडा. वर थोडे श्लोक आणि खाली बारीक अक्षरांत कुठल्या हस्तलिखितात कुठला पाठ आहे याची नोंद. संपादक सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवड केली आणि निवडीचा पुरावा तुमच्या हातात दिला, म्हणजे पटले नाही तर तुम्ही वाद घालू शकता. असे खालचे बारीक अक्षर हेच विद्वत्तेचे काम असते, आणि ज्यांचा त्याला कंटाळा आहे त्यांनी संशोधन सोडून दुसरे काहीही करावे.

आता त्या माणसांकडे येऊ ज्यांची नावे सगळ्यात सहज पुसली जातात, कारण त्यांनी काही छापलेलेच नसते. जात्यावर ओवी गाणारी बाई. सोंगी भजनातला गायक. औषधी झाडपाला ओळखणारा आदिवासी म्हातारा. यांच्याकडून घेतले की आपण खाली एक शब्द लिहितो, ‘पारंपरिक’, आणि मोकळे होतो. ध्वनिफितीवर संगीतकाराचे नाव येते, गायिकेचे येते, निवेदकाचेसुद्धा येते. ज्या बाईच्या तोंडून ओवी उतरवून घेतली तिचे येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी हे वेगळ्या रीतीने केले. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जाऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1 लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या, आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि तिचे गावही लिहून ठेवले. आज हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या दस्तसंग्रहात वाचता-ऐकता येतो. कुणा मुळशीच्या बाईने पहाटे दळताना म्हटलेल्या दोन ओळींना तिचे नाव मिळाले. माझ्या मते संदर्भ देण्याचे महाराष्ट्रातले इतके मोठे काम दुसरे नाही, आणि ते तळटिपांच्या शैलीपुस्तकात सापडणार नाही.

याच संदर्भात सोपानदेव चौधरींचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. ते स्वतः कवी, नाव असलेले. आई निरक्षर. तिची गाणी घरातल्या माणसांनी वहीत टिपून ठेवलेली. 1951 साली आई गेली. ती वही घराबाहेर कुणालाच माहीत नव्हती. आचार्य अत्र्यांकडे सोपानदेव ती घेऊन गेले ते आईची म्हणून, आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ आली. मुखपृष्ठावर आईचे नाव. ती गाणी स्वतःच्या नावावर छापली असती तर अडवणारे कुणी नव्हते, आणि आज आपल्याला बहिणाबाई नावाची कवयित्री झाली हे ठाऊकही नसते. सालोमालोच्या शेजारी मला सोपानदेव दिसतात. दोघांच्याही हाती दुसऱ्याच्या ओळी आल्या होत्या.

नव्या यंत्राविषयी थोडक्यात. एआयला प्रश्न विचारला की ते उत्तर देते, आणि संदर्भ मागितले की संदर्भही देते. त्यातली काही पुस्तके अस्तित्वातच नसतात. लेखकाचे नाव खरे, प्रकाशन खरे, पुस्तक मात्र कधी लिहिलेच गेले नाही. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली वकिलांनी असे न झालेले निकाल न्यायालयापुढे ठेवले आणि न्यायाधीशांनी 5 हजार डॉलर दंड केला. खोटा संदर्भ हा न दिलेल्या संदर्भाहून वाईट, कारण तो वाचणाऱ्याला नसलेल्या दारावर पाठवतो. यंत्राची मदत घेतली असेल तर तसे लिहा, आणि त्याने सांगितलेले पुस्तक हातात घेतल्याशिवाय सूचीत घालू नका. यात सूट नाही.

मुलांना दोष देण्याआधी शाळेत काय चालते ते पाहा. प्रकल्पवहीला गुण मिळतात ते मुखपृष्ठाच्या सजावटीला, रंगीत प्रिंटला, सॅटिनच्या रिबिनीला. मजकूर स्टेशनरीच्या दुकानातून पाच रुपयांच्या तक्त्यावर येतो किंवा विकिपीडियावरून. विकिपीडियाचा मजकूर फुकट वापरता येतो, पण श्रेय देण्याची अट त्याच्या परवान्यातच आहे, हे किती शिक्षकांनी वर्गात सांगितले? दहा वर्षे आपण मुलाला उतरवून काढल्याबद्दल शाबासकी देतो आणि एम.ए.ला गेल्यावर त्याच कामासाठी त्याला गुन्हेगार म्हणतो. पाचवीपासून प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर एक प्रश्न ठेवा: हे तुला कुणाकडून कळले? मूल लिहील, आजीकडून, ग्रंथालयातल्या अमुक पुस्तकातून, शेजारच्या काकांकडून. त्या पानाला निम्मे गुण द्या. मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी संदर्भग्रंथ आणि नोंद लिहिणाऱ्याचे नाव असते, ते मुलांना काढून दाखवा. वाईला बसून विश्वकोशाचे संपादन करणाऱ्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ही शिस्त सगळ्यांसाठी घालून दिली आहे, वेगळे काही शोधायची गरज नाही.

काय सांगावे लागते आणि काय नाही, यावरून उगाच घाबरवूही नका. शिवरायांचा राज्याभिषेक 6 जून 1674 ला रायगडावर झाला, याला तळटीप लागत नाही. त्या राज्याभिषेकाचा राजकीय अर्थ कुण्या इतिहासकाराने लावला असेल आणि तो तुम्ही मांडत असाल, तर त्याचे नाव लागते. वर्तमानपत्राच्या स्तंभात तळटिपेला जागा नसते, पण ‘अमुक यांनी आपल्या अमुक पुस्तकात दाखवले आहे’ हे म्हणायला अर्धी ओळ पुरते. व्यासपीठावर अर्धे मिनिट पुरते. जो वक्ता तेवढेही देत नाही, त्याच्याकडे वेळ कमी असतो असे मी मानत नाही.

आणि म्हणून मौखिकीला बसणाऱ्या परीक्षकांना हे जाहीर आवाहन आहे. सिमिलॅरिटीचा कागद फाइलमध्ये राहू द्या, तो नियमासाठी लागतो. उमेदवाराच्या संदर्भसूचीतली कोणतीही तीन पुस्तके ग्रंथालयातून आधी मागवून टेबलावर ठेवा. प्रबंधातली तळटीप वाचा, पुस्तक त्याच्या हातात द्या आणि म्हणा, ते पान काढ. जो काढेल त्याला पदवी द्या. ज्याला पुस्तक कुठल्या बाजूने उघडायचे हेच कळत नसेल, त्याच्या गाईडला बाजूच्या खुर्चीवर बसवा आणि तोच प्रश्न त्यांनाही विचारा.